भिवाअण्णांची अट

आमची मोटारींची कंपनी सरकारनं वाचवायला हवी होती की नाही, हा वाद आता कोणी घालत नाही. जिथं आम्ही गाड्या बनवायचो तिथं आज कोणाची तरी गोदामं आहेत आणि फाटकावर वेगळ्याच रंगाचा बोर्ड लागलाय. पण मंचरच्या चौकात आमच्यातले जुने दोघे-तिघे भेटले, चहा झाला आणि बोलता बोलता विषय तिकडं वळला, की कोणीतरी हमखास म्हणतं, "त्या दिवशी अण्णा गप्प बसले असते तर..." पुढचं वाक्य कोणीच पुरं करत नाही. मग कप खाली ठेवतात आणि एकमेकांच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी करतात.

भिवाअण्णा शेंडगे जाऊन आता दीड वर्ष होईल. मला त्यांची इतकी आठवण येते याचं माझं मलाच नवल वाटतं. ना नात्याचे, ना गावचे. मी आंबेगाव तालुक्यातला, ते जुन्नरचे. सोळा वर्षं कंपनीच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसलो, एवढाच काय तो संबंध. पण सकाळी सव्वासातला हायवेवरून एखादी पांढरी बस गेली की अजून माझी मान आपोआप वर होते.

बस नारायणगावहून पावणेसातला सुटायची. अण्णा बेल्ह्याच्या पलीकडच्या वस्तीवरून दुधाच्या टेम्पोत बसून नारायणगावात यायचे. मी मंचरला चढायचो. तोपर्यंत शेजारच्या सीटवर त्यांची डब्याची पिशवी बसलेली असायची. मी आलो की पिशवी मांडीवर घेऊन म्हणायचे, "बस. आज उशीर केलास." मी वेळेवर आलो असलो तरी हेच. त्यांच्या अंगाला दुधाचा आणि थोडासा मेंढरांचा वास यायचा. घरातला धाकटा भाऊ अजून मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचा, आणि अण्णा कंपनीत. कंपनीची टोपी ते फाटकाच्या आतच घालायचे. सुटी होऊन फाटकाबाहेर पाऊल पडलं, की पिशवीतून तांबडं पागोटं निघायचं आणि चालता चालता डोक्याला गुंडाळलं जायचं. सिक्युरिटीवाले पोट धरून हसायचे. अण्णा म्हणायचे, "आतलं डोकं कंपनीचं, भाईरचं माजं."

त्यांचं काम लाइनच्या शेवटाला. गाडी पुरी तयार होऊन आली की तपासायची आणि शिक्का मारायचा. दिवे, काचा, वायपर हे सगळं तर सगळेच बघायचे. अण्णा दारं बघायचे. गाडीच्या अंगावरून तळहात असा फिरवायचे की रंगाखाली दडलेला, डोळ्याला न दिसणारा पोचा त्यांच्या बोटाला लागायचा. मग डोळे मिटून दार लावायचे आणि कान द्यायचे. एकदा, दोनदा. मान हलली की गाडी पास. नाही हलली तर गाडी बाजूला, मग वर कोणी का ओरडेना.

निनाद नावाचा एक इंजिनिअर पुण्याहून नवा नवा आला होता. हुशार मुलगा, पण जरा हवेत. अण्णांनी बाजूला काढलेली एक गाडी त्यानं यंत्रावर मोजून घेतली आणि कागद घेऊन आला. सगळी मापं बरोबर. "मामा, मशीन म्हणतंय दार ठीक आहे. तुम्ही कशावरून नाही म्हणता?"

अण्णा म्हणाले, "मशीनला ईचार, पाऊस कुठनं येणार ते."

"म्हणजे?"

"डोळं मीट आन् लाव दार."

निनादनं डोळे मिटून दार लावलं. अण्णांनी त्याला शेजारच्या चांगल्या गाडीचं दार लावायला लावलं. मग पुन्हा ही, पुन्हा ती. आम्ही सगळे काम सोडून बघत उभे. दहाव्या वेळेला निनादनं डोळे उघडले आणि हळूच म्हणाला, "याचा आवाज दोनदा येतोय." आधी वरची कड टेकत होती, मग खालची. पाण्याच्या फवाऱ्याखाली गाडी नेली तर मागच्या सीटवर पाणी. त्या दिवसापासून निनाद जेवायच्या सुटीत अण्णांच्या टेबलावर डबा खायचा आणि अण्णांच्या घरची बाजरीची भाकरी पळवायचा.

"हात ठेव, मग बोल," हे अण्णांचं पालुपद. गाडीबद्दल तेच, माणसाबद्दल तेच. बसमध्ये कोणाच्या सुनेची, कोणाच्या जमिनीची भानगड निघाली की हे मध्येच विचारायचे, "तू हात ठिवून बघितलंस का? न्हाई ना? मग गप."

गंमत अशी, की ज्या माणसाच्या हातून एवढ्या मोटारी गेल्या त्याला मोटार चालवता येत नव्हती. मोटारसायकलसुद्धा नाही. शिकायचं कधी मनातच आलं नाही म्हणायचे. मागच्या सीटवर बसवलं तर दाराची मूठ घट्ट धरून बसायचे, जसं काही दारच त्यांना नेतंय.

त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही अख्खी बस गेलो होतो. बेल्ह्याजवळच्या माळावर मांडव. अक्षता वाटून झाल्या, नवरानवरी उभी राहिली, मंगलाष्टकं सुरू होणार, आणि नवरीचा बाप सापडेना. वहिनींचा चेहरा उतरला. नवरदेवाचा चुलता जोरजोरात विचारायला लागला. शेवटी मी आणि वाबळे शोधायला निघालो, तर अण्णा मांडवामागं, वऱ्हाडाच्या गाड्या उभ्या होत्या तिथं. त्यात आमच्या कंपनीच्या चार. अण्णा एकेका गाडीवरून हात फिरवत होते आणि एका ड्रायव्हरला दरडावत होते, "हे मागचं दार कंपनीचं न्हाई. कुणी बदाललं? ठोकली व्हतीस का कुठं?" ड्रायव्हर बिचारा हात जोडून, मालकाला सांगू नका म्हणत होता. आम्ही अण्णांना दोन्ही बाजूंनी धरून मांडवात आणलं. अक्षता टाकतानासुद्धा मला म्हणाले, "पर बाकीची तिन्ही दारं आवाजाला लई गोड हाईत."

असा माणूस शेवटची दोन वर्षं गप्प गप्प झाला. तेव्हा मला वाटलं वय झालं. कारण पुढं कळलं.

कंपनीचं बिघडत चाललं होतं. परदेशी गाड्या आल्या, देखण्या, हप्त्यावर सहज मिळणाऱ्या. आमची गाडी दणकट पण चेहऱ्यानं जुनी. वरच्या लोकांनी नवं मॉडेल काढायच्या ऐवजी जुन्यालाच नवी नावं दिली, जाहिराती केल्या आणि आतला माल हलका केला. दोन शिफ्टची एक झाली. मग आठवड्याला पाचच दिवस काम, मग चार. आम्ही बसमध्ये दोन गोष्टींवर बोलायचो, एक मुलांची शिक्षणं आणि दुसरं सरकार.

माझं मत ठाम होतं. देशी कंपनी आहे, हजारो घरं तिच्यावर चालतात, सुटे भाग करणाऱ्यांपासून टपरीवाल्यापर्यंत. सरकारनं हात दिलाच पाहिजे. परदेशातली सरकारं आपापल्या कंपन्यांना धरून उभं करतात, मग आमच्याच सरकारला काय धाड भरलीय? मी हे तावातावानं बोलायचो.

आणि पुढच्या सीटवरून किसन वाबळे मागं वळायचा. तो खोडदचा, घरी टोमॅटो. "सुनीलराव, आमी नारायणगावच्या मार्केटभाईर टमाटं वतून देतो तवा कुठलं सरकार येतं? तवा कुणी म्हनतं का, ह्येंच्यावर घरं चालतात? दोन पैशे मिळंना झाले की आमाला सांगत्यात, दुसरं पीक घ्या. मग तुमच्या मालकालाबी म्हनावं, दुसरं पीक घे."

"अरे, तू पण त्याच कंपनीत आहेस ना?"

"हाय ना! म्हनून तर झोप लागंना. पर खरं ते खरं."

एकदा असंच राजगुरुनगर मागं पडेपर्यंत आमचं जुंपलं होतं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. एकदम म्हणाले, "द्यावं सरकारनं. पर आमच्यात देत्यात तसं."

मग त्यांनी आम्हाला ती गोष्ट सांगितली. अण्णा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. मेंढरं घेऊन कोकणातून परत येताना माळशेजच्या वर, मढला मुक्काम होता. मध्येच कुठंतरी ओल्या गवतात मेंढरं चारली आणि रोग लागला. चार दिवसांत शेंडग्यांच्या कळपातली मूठभर राहिली. घरात रडारड. अण्णांची आई तर मेलेल्या मेंढ्यांची नावं घेऊन रडत होती.

"मग बरुबरच्या लोकांनी काय केलं," अण्णा म्हणाले, "परत्येक घरानं येक मेंढी दिली. म्हातारी न्हाई, लंगडी न्हाई. तरणी, पोटुशी. आसं समद्यांनी मिळून आमचा कळप परत हुभा केला."

"बघ!" मी वाबळ्याला म्हणालो.

"थांब, पुरं आईक. त्येला अट आसती. येक, ती मेंढी दोनदा व्याल्याबिगर इकायची न्हाई. दोन, आपलं बरं झालं की दुसऱ्या कुणाचं बुडालं तर त्येला आपुन द्यायची. आन् तीन, ज्यानं कळप तिकडं न्हेला त्यानं वरीसभर म्होरं चालायचं न्हाई. मागं चालायचं. म्होरं दुसऱ्या घरचा मानूस चालनार, आन् त्यो म्हनंल तितं मुक्काम."

"तुमच्यात कोण चाललं मागं?" वाबळ्यानं विचारलं.

"माजा थोरला चुलता. दोगांनी त्येला सांगितलं व्हतं, गवात वलं हाय, नगं. त्येनं आईकलं न्हाई. लई ताठ मानूस. वरीसभर धुराळा खात मागं चालला, कुणाशी बोलला न्हाई. पर चालला. पुढच्या साली काठी परत त्येच्या हातात दिली, तर परत्येक शिवाराच्या तोंडाला थांबून म्हाताऱ्यांना ईचारायचा, घालू का आत?"

वाबळे हसला. "म्हंजे आपल्या मालकांनी वरीसभर मागं चालायचं?"

"निस्त्या मालकांनी न्हाई," अण्णा म्हणाले. "ज्यानं ज्यानं बघून न बघितल्यावानी केलं, त्यानं त्यानं." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. आम्हाला वाटलं, गोष्ट संपली.

त्यानंतर महिनाभरानं मुंबईहून सरकारी समिती आली. कंपनीला मदत द्यावी की नाही हे ठरवायला अधिकारी कामगारांचंही म्हणणं ऐकणार होते. युनियनच्या अध्यक्षांनी, कदमांनी, बोलायला अण्णांना निवडलं. सव्वीस वर्षांची नोकरी, एक मेमो नाही, चेहरा असा की बघूनच माणूस विरघळावा. आदल्या दिवशी कदमांनी त्यांची तयारी करून घेतली. "अण्णा, जास्त काही नको. किती वर्षं काम केलं, घरात खाणारी किती, जमीन कोरडवाहू, एवढंच. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पुसू नका."

"बरं," अण्णा म्हणाले.

कँटीनची टेबलं बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. समोर तीन अधिकारी, त्यांतल्या मुख्य एक बाई. एका बाजूला कंपनीचे वरचे साहेब, भिंतीला टेकून आम्ही सगळे. अण्णा उभे राहिले. टोपी काढली, हातात धरली.

"नमस्कार पावणं," त्यांनी सुरुवात केली, आणि मी कपाळाला हात लावला. "मी भिवा शेंडगे. आमी मेंढरंवाले. आमच्यात कळप मेला की समदी येकेक मेंढी देत्यात..."

त्यांनी ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. शेजारचा अधिकारी भराभर लिहून घेत होता. मध्येच बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "तुमची मागणी मेंढीपालनाच्या योजनेबद्दल आहे का?" सगळं कँटीन हसलं. अण्णाही हसले. कदम तेवढे हसले नाहीत.

"न्हाई ताई, गाड्यांचीच हाय. मदत द्या, आमी मागतोय. दिली न्हाई तर लई घरं बसतील. पर देताना अट घाला. ज्येंनी कळप वल्या गवतात न्हेला त्येंच्याच हातात परत काठी देऊ नका. त्येंना वरीसभर मागं चालू द्या. न्हाईतर तुमच्याबी मेंढ्या मरतील."

साहेबलोकांतला एकजण पंख्याकडं बघायला लागला. आम्हाला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पण अण्णा खाली बसले नाहीत.

"आन् त्येंच्यासंगं मीबी," ते म्हणाले. "दोन सालामागं दाराच्या बिजागऱ्या हलक्या आल्या. मी पयल्या दिवशीच वळखलं. दार चार-सा म्हैन्यात उतरनार, पानी आत येनार. चाळीस गाड्या मी बाजूला काढल्या. वरनं सांगितलं, पास करा. मी शिक्का मारला. तवापास्नं रोज मारतोय."

कदमांनी त्यांची बाही ओढली. अण्णांनी ती सोडवून घेतली.

बाईंनी लिहिणाऱ्याला थांबवलं. "तुम्ही का मारलात शिक्का?"

"नोकरी जाईल म्हनून."

"आणि हे आम्हाला आत्ता का सांगताय?"

अण्णांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ताई, तवा नोकरी ऱ्हावी म्हनून खोटं केलं. आता नोकरी ऱ्हावी म्हनून तुमाला खोटं सांगितलं तर दोनदा झालं."

अण्णा आमच्याकडं वळले तेव्हा भिंतीला टेकलेले आम्ही सगळे जमिनीकडं बघत होतो. चेहरा मात्र त्यांचा मोकळा दिसत होता, पुष्कळ दिवसांनी.

समिती गेली आणि कंपनीत सगळ्यांचा भडका उडाला. मदत मिळायची ती याच्यामुळं जाणार. स्वतःच्या नोकरीची पाचच वर्षं राहिलीयत, याला काय, आमची पोरं शाळेत आहेत. कोणी म्हणालं, मालकाच्या विरोधकांनी पढवलंय. कोणी म्हणालं, परदेशी कंपनीकडून मिळालं असेल काहीतरी. हात ठेव मग बोल, असं सांगणारं तिथं कोणी नव्हतं. निनाद एकटा म्हणाला की मामा खरं तेच बोलले, तर त्याला सांगितलं, तुला उद्या कुठंही नोकरी मिळेल, तू बोलू नकोस.

आमच्या बसचा मोबाइलवर ग्रुप होता. बस उशिरा आली, टायर पंक्चर झाला, तर कळवायला. त्याचा ॲडमिन मी. त्या संध्याकाळी कदमांचा मेसेज आला, "गद्दाराला ग्रुपमधून काढा." खाली एकामागून एक अंगठे पडायला लागले. वाबळ्याचासुद्धा पडला. मी मोबाइल उपडा करून ठेवला, जेवलो, मुलीचा गृहपाठ घेतला. मग मोबाइल उचलला आणि अण्णांना काढून टाकलं. एक बटण दाबायचं असतं, त्याला काही ताकद लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बस मंचरला थांबली. मी चढलो. शेजारच्या सीटवर अण्णांची पिशवी नेहमीसारखी बसलेली. मला बघून त्यांनी ती उचलली, मांडीवर घेतली आणि म्हणाले, "बस. आज उशीर..." मी न थांबता मागं गेलो. शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. बराच वेळ ती सीट रिकामी होती आणि अण्णांनी पिशवी परत तिच्यावर ठेवली नव्हती. कंपनी चालू होती तोवर, म्हणजे आणखी चार महिने, मी मागंच बसलो. रोज वाटायचं, उद्या पुढं बसावं. मला माझी लाज वाटते हे सरळच सांगतो.

मदत आली नाही. का आली नाही, ते सरकारच्या पत्रात नव्हतं. समितीच्या येण्याआधीच ठरलं होतं म्हणतात, कंपनीकडं पुढचा आराखडाच नव्हता म्हणतात. अण्णांच्या बोलण्यानं किती फरक पडला हे आजही कोणी सांगू शकत नाही, मीही नाही. एवढं मात्र कळतं, की अटीशिवाय मदत आली असती तर त्याच साहेबांनी आणखी दोन वर्षं हलक्या बिजागऱ्या लावल्या असत्या आणि आम्ही त्यांना शिक्के मारले असते. सरकारनं मदत द्यावी असं माझं मत अजून आहे. आता मी ते तावातावानं मांडत नाही, आणि अट विसरत नाही.

कंपनी बंद झाल्यावर मी आठ महिने घरी होतो. मग पेठच्या पुढं एका सुट्या भागांच्या कारखान्यात स्टोअरला लागलो. अण्णांकडं जायचं रोज ठरवायचो. बेल्हं काही दूर नाही. पण जाऊन बोलायचं काय, या विचारातच रविवार निघून जायचा.

दुसऱ्या दिवाळीनंतर कल्याणला नात्यातलं लग्न होतं. चुलतभावाच्या गाडीतून आम्ही माळशेजमार्गे निघालो. मढच्या अलीकडं रस्ता भरून मेंढरं. दोन्हीकडच्या गाड्या थांबलेल्या, आणि मधोमध एक तांबडं पागोटं, आमच्या गाडीकडं हात आडवा करून उभं. भावानं हॉर्न वाजवला. मी त्याचा हात धरला आणि खाली उतरलो.

अण्णा वाळले होते. उन्हानं काळे पडले होते. मला बघून तोंडभर हसले. "सुनील! आरं, तू कुठं इकडं?"

मी एकदम म्हणून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. "अण्णा, त्या ग्रुपमधून तुम्हाला..."

"म्हायती हाय. कुणी काडलं त्येचं नाव येतं की तितं." ते मेंढरांकडं बघत म्हणाले. आवाजात काही नव्हतं, ना राग ना उपकार. "ते जाऊंदे. ल्येक कितवीला?"

"चौथीला. अण्णा, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. मानूसच हाय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाबळ्याचं बरं हाय, शेडनेट टाकलंय त्यानं. गुरव चाकणला वॉचमन लागला, पर बायकू लई आजारी हाय त्येची, जाऊन ये येकदा. कदमानं मिसळीचं हाटेल काडलंय. निनादचा फोन येतो मद्रासवरनं."

ते नावं घेत गेले. आमच्या बसमधलं कोणीच सोडलं नाही. कोणाला काम लागलं, कोण अजून हिंडतोय, कोणाच्या पोराची शाळा सुटली. मला त्यांतल्या निम्म्यांचं काहीच माहीत नव्हतं.

"तुम्हाला हे सगळं कोणी सांगितलं?"

"सांगतंय कोन? जाऊन बघितलं. म्हनलं, माज्या बोलन्यानं कुनाचं बुडालं आसंल तर निदान त्येच्या दारात जावं. दोन सालात समद्यांकडं जाऊन आलो. कुनी चा दिला, कुनी दार लावलं."

"माझ्याकडं नाही आलात."

"आलतो की. दोनदा." अण्णांनी रस्त्यावर आलेल्या एका कोकराला पायानं अलगद आत सारलं. "मंचरला उतरलो, पत्ता ईचारला. दार उगडंच व्हतं. तू ल्येकीला पाठीवर घिऊन घोडा घोडा करत व्हतास आन् मोठ्यानं हासत व्हतास. म्हनलं, ह्येचं बरं चाललंय. आपुन आत जाऊन कशाला त्येचं तोंड उतरवा? चपला बी काडल्या न्हाईत. दुसऱ्या खेपेला बी आसंच."

पलीकडून त्यांच्या भावानं हाळी दिली. शेवटची मेंढरं रस्ता ओलांडून उतरली होती. अण्णांनी चुलतभावाच्या गाडीला हातानं वाट मोकळी करून दिली, मला म्हणाले, "जा, लगीन चुकंल," आणि उताराला लागले. चुलतभाऊ गाडीतून मला हाका मारत होता. मी तिथंच उभा होतो. पागोटं एकदा करवंदीच्या जाळ्यांमागं गेलं, पुन्हा खाली दिसलं, मग नाही दिसलं.

पुढच्या साली त्यांचा भाऊ एकटाच मेंढरं घेऊन गेला.

ते आठ महिने मला काम नव्हतं. सकाळी बायको शिवणाला बसली की मला घरात कुठं बसावं कळायचं नाही. मुलगी शाळेतून आली की तिला काही कळू नये म्हणून मी घोडा व्हायचो आणि मोठमोठ्यानं हसायचो. रस्त्यापर्यंत ऐकू जात असेल. दार उघडंच असायचं. आत यायचं होतंत, अण्णा.